हद्द बदलली की मजुरी बदलते

पूर्व दिल्लीतल्या मयूर विहारला लागून नोएडा आहे. मधली रेघ ओलांडली की उत्तर प्रदेश सुरू होतो. दक्षिणेला बदरपूरच्या पुढे फरिदाबाद, म्हणजे हरियाणा. तिन्हीकडे मेट्रो एकच, गॅस सिलिंडरचा भाव जवळपास सारखा, भाजीही बरीचशी आझादपूर-गाझीपूरच्या मंडयांतून येणारी. तरी 1 एप्रिल 2025 पासून दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन महिना 18,456 रुपये होते आणि त्याच वर्षी नोएडात किंवा फरिदाबादला ते 11 हजारांच्या आसपास होते. अलीकडच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्याला पलीकडच्या तशाच कामगारापेक्षा कायद्याने सात हजार रुपये जास्त होते. दोघे एकाच वस्तीत शेजारी राहत असले तरीही.

वेतन राज्याराज्यांत वेगळे का, असे विचारले की सरकारी उत्तर ठरलेले असते: प्रत्येक राज्यात जगण्याचा खर्च वेगळा. ऐकायला पटते. मुंबईत आणि मेळघाटात एकच दर कसा चालेल? पण आकडे मांडून बसले की हे उत्तर अर्धेच खरे निघते. राज्याराज्यांतली मजुरीची दरी महागाईच्या दरीपेक्षा कितीतरी रुंद आहे. आणि महागाईचा फरक जिथे खरोखर मोठा आहे, म्हणजे शहरातल्या खोलीच्या भाड्यात, तिथे आपल्या वेतनाच्या सूत्राने डोळे मिटून घेतले आहेत.

कायदा आधी, सूत्र नंतर

व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 11 एप्रिल 1946 रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये. त्यात एक मोठी मोकळीक ठेवली होती. केंद्राच्या अखत्यारीतल्या खाणी, रेल्वे, बंदरे अशा ठिकाणी केंद्राने दर ठरवायचा, बाकी सगळे राज्यांवर. कुठले रोजगार अनुसूचीत घ्यायचे, राज्याचे किती भाग पाडायचे, कुशल-अकुशल अशा किती पायऱ्या करायच्या, हेही राज्यांनीच ठरवायचे. दर पाच वर्षांच्या आत सुधारायचे. पण दर काढायचा कसा, याचे सूत्र कायद्यात नव्हते.

ते सूत्र 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. कामगाराचे कुटुंब तीन एककांचे धरायचे: पुरुष एक, बाई 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6. प्रत्येक एककाला पोषणतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाने दिवसाला 2,700 उष्मांक. कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड. सरकारी औद्योगिक घरकुलाइतके भाडे. वर जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी 20 टक्के. बाईची कमाई हिशेबात धरलेली नाही आणि म्हातारे आईवडील कुटुंबात नाहीत. 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात शिक्षण, औषधपाणी, सणवार, मुलांची लग्ने आणि म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के घालायला सांगितले.

मालकाची ऐपत नसेल तर? हा प्रश्न न्यायालयाने फार पूर्वीच निकाली काढला होता. कामगाराला किमान वेतनही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, असे क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात म्हटले गेले आणि केरळच्या उनिचोयी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब झाले. तत्त्व पक्के, सूत्रही हाताशी. तरी राज्यांनी काढलेले दर त्या सूत्रातून निघालेले नाहीत. 2018-19 च्या आर्थिक पाहणीने मोजले तेव्हा देशभर अकुशल कामाचेच सुमारे 1,900 वेगवेगळे दर निघाले. एवढे दर कुठल्याही एका सूत्रातून निघत नाहीत. मागचा दर, मालक-संघटनांचा आग्रह, युनियनचा जोर आणि निवडणुकीचे वर्ष, यांच्या ओढाताणीत जे ठरते ते राजपत्रात छापले जाते.

मजुरीची दरी, महागाईची दरी

अधिसूचनेतले दर बाजूला ठेवून प्रत्यक्ष मिळणारी मजुरी पाहू. रिझर्व्ह बँकेच्या राज्यवार आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये केरळच्या खेड्यातल्या शेतमजुराला दिवसाला सरासरी 764 रुपये मिळत होते आणि मध्य प्रदेशात 229. बांधकामावर केरळात 852, मध्य प्रदेशात 279. ढोबळमानाने एकास तीन.

आता केरळचे खेडे मध्य प्रदेशच्या खेड्यापेक्षा तिप्पट महाग आहे का? याचे थेट उत्तर देणारा सरकारी आकडा नाही, आणि या सगळ्या वादातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. शिमल्याचा लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. देशातली 88 केंद्रे, 2016 म्हणजे 100. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सोलापूर आणि नागपूर. मराठवाड्यातले एकही केंद्र नाही. पण हा निर्देशांक एकाच गावातला भाव काळागणिक किती चढला एवढेच सांगतो. सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा वर असला तरी सोलापूर महाग ठरत नाही. 2016 पासून तिथले भाव जास्त वेगाने चढले एवढाच त्याचा अर्थ. दोन ठिकाणच्या भावपातळीची तुलना त्यातून होत नाही, आणि वेतनाच्या चर्चेत मात्र नेमका याच आकड्याचा दाखला दिला जातो.

निर्देशांकावर डोळे झाकून विसंबू नये, हे मुंबईच्या कामगारांना कोणी शिकवायला नको. गिरण्यांचा महागाई भत्ता त्याला बांधलेला होता. बाजारात भाव कडाडले असताना आकडा मात्र सुस्त, म्हणून 1963 मध्ये मुंबई बंद झाली. मग अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या समितीने हिशेब तपासला आणि निर्देशांक वर न्यावा लागला.

तेव्हा आडून अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती तेंडुलकर पद्धतीची दारिद्र्यरेषा, कारण ती प्रत्येक राज्याचे भाव लक्षात घेऊन काढलेली होती. 2011-12 मध्ये ग्रामीण मध्य प्रदेशासाठी माणशी महिना 771 रुपये आणि ग्रामीण केरळसाठी 1,018. फरक 32 टक्के. शहरी बिहार 923, शहरी महाराष्ट्र 1,126. फरक 22 टक्के. रेषा फार खाली ओढली, ही टीका रास्त आहे. पण इथे प्रश्न रेषेच्या उंचीचा नाही, दोन राज्यांमधल्या गुणोत्तराचा आहे.

दुसरा अंदाज केंद्राने किमान वेतनासाठी नेमलेल्या डॉ. अनूप सत्पथी समितीचा. तिचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तिने 2,400 उष्मांक, 50 ग्रॅम प्रथिने, 30 ग्रॅम स्निग्धांश आणि 3.6 एककांचे कुटुंब धरून नवा हिशेब केला आणि देशाचे पाच विभाग पाडले. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशा, बंगाल यांच्या विभागात दिवसाला 342 रुपये. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू यांच्यासाठी 414. दिल्ली, पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि गोव्यासाठी 447. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा यांत 31 टक्क्यांचे अंतर. दिल्ली आणि हरियाणा एकाच विभागात आहेत, हेही लक्षात घ्यावे.

म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी उत्तर येते ते साधारण 30 टक्क्यांच्या घरात. मजुरीतला फरक मात्र 200 टक्क्यांहून जास्त, आणि 2025 मध्ये दिल्ली-नोएडासारख्या जोडशहरांत 60 टक्क्यांहून जास्त. यातला महागाईचा वाटा वजा केला तरी जे उरते ते फार मोठे आहे. ते कशामुळे?

मुन्नारचा चहा, आसामचा चहा

चहाचे मळे हे याचे उत्तम उदाहरण, कारण तिथे बाकी पुष्कळ गोष्टी समान आहेत. 1951 चा मळे कामगार कायदा सगळीकडे लागू होता. घर, दवाखाना, पाळणाघर मळेवाल्याने पुरवायचे. माल त्याच बाजारात विकला जाणारा. सप्टेंबर 2015 मध्ये केरळातल्या मुन्नारला चहा खुडणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या. बहुतेक तमिळ बोलणाऱ्या, कित्येकींच्या आज्या-पणज्या मजूर म्हणून डोंगर चढून आलेल्या. बोनस कापल्याचे निमित्त झाले. पण राग कंपनीइतकाच युनियनच्या पुरुष पुढाऱ्यांवरही होता, आणि त्यांनी त्या पुढाऱ्यांना आंदोलनाजवळ फिरकू दिले नाही. पेम्बिलै ओरुमै, म्हणजे बायकांची एकी, हे नाव त्यांनी घेतले. मागणी 232 वरून 500 रुपये रोजाची होती; तडजोड 301 वर झाली.

त्याच वर्षी आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळ्यांचा रोज 115 रुपये होता. ऑक्टोबर 2023 पासून तो 250 झाला आणि शेजारच्या बराक खोऱ्यात 228. एकाच राज्यात, एकाच पिकाला, दोन खोऱ्यांत दोन दर. तांदळाचा भाव या फरकाला कारण नाही. केरळात 1970 च्या जमीन सुधारणांनी दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी असलेल्या मजुरांना घराखालची जमीन मिळाली, 1974 मध्ये शेतमजुरांसाठी वेगळा कायदा झाला, हमालांसाठी 1978 चा कायदा आला, आणि आखाती देशांच्या वाटेने हात बाहेर गेल्यामुळे उरलेल्या हातांची किंमत वाढली. आसामच्या मळ्यातल्या कामगाराच्या घराखालची जमीनही मळ्याचीच राहिली. काम सोडले तर छप्पर जायचे. अशा माणसाला भावाची घासाघीस करता येत नाही.

दिल्लीचा दर चढला तोही राजकीय निर्णयाने. 2017 मध्ये दिल्ली सरकारने एकदम 37 टक्के वाढ करून अकुशल दर 13,350 वर नेला. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, आणि नवी प्रक्रिया होऊन 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने वाढ पुन्हा लागू झाली. नोएडा आणि फरिदाबाद तेव्हापासून मागे राहिले ते राहिलेच.

महाराष्ट्रातही हेच दिसते. माथाडी कामगार संघटित झाले, 1969 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, मंडळे आली. तिथली मजुरी किमान वेतनाच्या तक्त्यावर अवलंबून राहिली नाही. ऊसतोडणीचा दर तर टनावर, तोही साखर संघ आणि संघटना यांच्या करारातून. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ झाली. कारण गाळप हंगाम सुरू होता आणि कोयता थांबला तर कारखाना थांबतो. त्या महिन्यात महागाई 34 टक्क्यांनी वाढली नव्हती.

कागल आणि निपाणी

महागाई हेच कारण मानून दर आपोआप वाढवला तर काय होते, हे रोजगार हमीच्या दरांत दिसते. 2009 पासून केंद्राने हा दर राज्यांच्या किमान वेतनापासून तोडला आणि पुढे शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाला जोडला. जानेवारी 2011 मध्ये महाराष्ट्राचा दर 127 रुपये होता आणि कर्नाटकाचा 125. म्हणजे आपण दोन रुपयांनी पुढे. 2025-26 साठी महाराष्ट्र 312, कर्नाटक 370. कागलच्या मजुराला 312 आणि दूधगंगेच्या पलीकडे निपाणीला 370. दोन्हीकडे सोयाबीन, दोन्हीकडे ऊस, आठवड्याच्या बाजाराला लोक इकडून तिकडे जाणारे. चौदा वर्षांत निपाणीतली डाळ कागलपेक्षा एवढी महागली असेल, यावर कागलचा किराणा दुकानदारही विश्वास ठेवणार नाही.

याचे कारण निर्देशांकाच्या बांधणीत आहे. हा निर्देशांक अख्ख्या राज्याचा असतो. त्याचे पायाभूत वर्ष कित्येक दशके 1986-87 हेच राहिले, आणि त्या जुन्या टोपलीत खाद्यपदार्थांचा वाटा दोन-तृतीयांशाहून जास्त. एखाद्या राज्यात मोजणीची केंद्रे, धान्याचे प्रकार, रेशनचे भाव थोडे वेगळे असले तरी दर वर्षीच्या टक्केवारीने तो फरक साठत जातो. दक्षिणेला बांद्यापुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात 378, सिंधुदुर्गात 312. दोडामार्ग-सावंतवाडीची पोरे रोज गोव्यात कामाला जातात, तरी दर दोन. उलट धारणीच्या पुढे मध्य प्रदेशात शिरले की 261. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी ज्या राज्यात जन्मली, त्याचा दर 2025-26 मध्ये दोन शेजाऱ्यांच्या बराच खाली होता, आणि तो तसा असावा असे कोणी कधी ठरवलेले नाही.

खोलीचे भाडे कुठे बसवायचे?

महागाईचा खरा, मोठा, डोळ्यांत भरणारा फरक राज्यांमध्ये नसून शहर आणि गाव यांच्यामध्ये आहे, आणि त्यातला बहुतेक भाग भाड्याचा. गहू, तेल, साखर, मोबाइलचे रिचार्ज, साबण यांच्या किमती देशभर फार वेगळ्या राहिलेल्या नाहीत. पण दहा बाय दहाच्या खोलीचे भाडे लातूरच्या एखाद्या तालुक्याच्या गावी आणि धारावीत किंवा चाकणला एकमेकांच्या जवळही येत नाही.

महाराष्ट्राचे सूत्र हे कसे धरते? राज्य परिमंडळांत विभागलेले आहे. सर्वसाधारणपणे महापालिका पहिल्या परिमंडळात, नगरपालिका दुसऱ्यात, उरलेला भाग तिसऱ्यात. रोजगारागणिक थोडा फरक. दुकाने व आस्थापनांसाठी 2019 मध्ये ठरलेले अकुशल मूळ दर पाहा: पहिले परिमंडळ 10,021 रुपये, तिसरे 8,828. वर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता. म्हणजे मुंबई आणि खेडे यांच्यातला फरक 1,193 रुपये. मुंबईतल्या खोलीच्या भाड्याचा एक कोपराही त्यात बसत नाही. शिवाय मुंबई आणि एखादी लहान महापालिका एकाच खान्यात.

घरभाड्यासाठी महाराष्ट्रात 1983 चा वेगळा कायदा आहे. 50 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने वेतनाच्या पाच टक्के किंवा 20 रुपये, यांतले जे जास्त असेल ते घरभाडे म्हणून द्यायचे. दहा हजारांवर पाचशे रुपये.

केंद्राचे नवे सूत्र यापेक्षा उदार असेल, असे वाटू शकते. किमान वेतन कायद्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेखाली 2020 मध्ये निघालेल्या नियमांच्या मसुद्यात भाडे हे अन्न आणि कापड यांच्या खर्चाच्या दहा टक्के धरले. इंधन-वीज वगैरे किमान वेतनाच्या 20 टक्के, शिक्षण-औषध वगैरे 25 टक्के. आता गणित मांडा. अन्न-कापडाचा खर्च शंभर रुपये असेल तर भाडे दहा. हे 110 म्हणजे वेतनाचे उरलेले 55 टक्के. तेव्हा वेतन 200, आणि त्यात भाडे 10. म्हणजे पुन्हा पाच टक्केच. अठरा हजार मिळवणाऱ्याला नऊशे रुपयांत घर.

सरकारचाच दुसरा आकडा याच्याशी जुळत नाही. 2016 च्या नव्या मालिकेत लेबर ब्युरोने कामगार कुटुंबांचा खर्च पाहून निर्देशांकात निवाऱ्याला 16.87 टक्के भार दिला. खर्चाचे मोजमाप सतरा टक्के म्हणते, वेतनाचे सूत्र पाच टक्के म्हणते. सत्पथी समितीने निदान शहरी कामगारांसाठी महिना 1,430 रुपयांपर्यंतचा घरभत्ता वेगळा सुचवला होता. मुंबई-बंगळूरसाठी तोही अपुराच, पण भाडे दराबाहेर काढून शहरानुसार द्यावे, हा विचार त्यात होता.

एक मजुरी, दोन चुली

दरभंग्याचा गवंडी पुण्यात काम करतो तेव्हा जगण्याचा खर्च कुठला धरायचा? तो स्वतः वाकड-हिंजवडीच्या भावाने जगतो. सहा जण एका पत्र्याच्या खोलीत, डब्याचे पैसे वेगळे, आठवड्याला पाण्याचे वेगळे. त्याची बायको-मुले गावच्या भावाने जगतात. तिथे शाळा, औषध आणि कर्जाचे व्याज आहे. मधे रेल्वेचे तिकीट आणि पैसे पाठवण्याचे कमिशन. कुटुंब एके ठिकाणी राहते, हे 1957 च्या सूत्राचे गृहीतक त्याला लागू होत नाही. तरी दर ठरवताना त्याला पुण्याचा कामगार मानले जाते आणि वाटाघाटीत मात्र त्याच्या गावचा रोज आठवून दिला जातो: तिकडे काय मिळत होते?

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्त्याची तरतूद होती, महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याइतकी. कंत्राटदारांनी ती क्वचितच पाळली. त्या कायद्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विस्थापन भत्ता गेला आणि प्रवासखर्च तेवढा राहिला.

स्वस्त राज्यात कमी वेतन पुरते, या म्हणण्यातला दोष इथे उघडा पडतो. गरिबाचा खर्च कमी दिसतो, कारण त्याच्याकडे खर्चायला पैसा नसतो. डाळ घेत नाही म्हणून डाळीचा खर्च कमी, दवाखाना वीस किलोमीटरवर म्हणून औषधाचा खर्च कमी. त्या खर्चावरून दर ठरवला की तीच तंगी पुढच्या पाच वर्षांसाठी अधिसूचित होते.

राजपत्रातला दर आणि हातातला

दर कितीही शास्त्रशुद्ध काढला तरी तो हातात पडतो का, हा शेवटचा मुक्काम. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी देणे म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाखालची वेठबिगारी, असे सांगितले. यापेक्षा कडक शब्द कायद्यात सापडणार नाहीत. तरी 2018-19 च्या आर्थिक पाहणीनुसार दर तीन मजुरांपैकी एकाला या कायद्याचे संरक्षण मिळत नव्हते.

पळवाटा साध्या असतात. सोसायटीच्या गेटवरचा रखवालदार बारा तासांची ड्युटी तीसही दिवस करतो. पगारपत्रकावर आठ तास आणि 26 दिवस दाखवले की दर कागदोपत्री बरोबर बसतो, ओव्हरटाइम हवेत. कुठे पूर्ण वेतन बँकेत जमा होते आणि एटीएम कार्ड कंत्राटदाराच्या खिशात असते. कुठे गणवेश, जागा, उचल यांच्या नावाने कपात. तक्रार करायची तर हजेरी कार्डावर नाव कोणाचे, मूळ मालक की कंत्राटदार, इथूनच गाडे अडते.

त्यात एकाच रस्त्यावर दोन कायदेशीर दर. ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनेत अ वर्ग शहरात झाडलोट करणाऱ्याला दिवसाला 783, महिन्याला 20,358 रुपये होते. समोरच्या खासगी दुकानातल्या झाडूवाल्याला राज्याचा दर, भत्ता धरूनही त्याच्या बराच खाली. शहर तेच, झाडू तोच.

एकच दर हा उपाय आहे का?

मग देशभर एकच वेतन करावे का? जर्मनीने 1 जानेवारी 2015 पासून पूर्व आणि पश्चिम भाग मिळून ताशी साडेआठ युरोचा एकच दर केला. अमेरिकेने उलट मार्ग धरला. तिथला संघराज्याचा ताशी 7.25 डॉलरचा दर 2009 पासून हललेला नाही. 2025 मध्ये वॉशिंग्टन राज्याचा दर 16.66 होता. पण तिथे राज्याराज्यांतली भावपातळी मोजणारा सरकारी निर्देशांक दर वर्षी निघतो, आणि तो सांगतो की सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग राज्यांत अंतर साधारण 30 टक्क्यांचे आहे. वेतनात मात्र दुपटीहून जास्त. आपल्याकडच्यासारखाच नमुना, फरक एवढाच की तिथे तो मोजता येतो.

एकाच चढ्या दराला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. बिहारच्या छोट्या कार्यशाळेला मुंबईचा दर लावला तर ती बंद पडेल किंवा कायदा सरळ मोडेल, आणि सर्रास मोडला जाणारा कायदा कोणाचेच रक्षण करत नाही. पण हा युक्तिवाद वरच्या राज्यांतही खालच्या दरासाठी वापरला जातो. मुंबई-ठाण्यापासून इचलकरंजीपर्यंत दर वाढवायचा म्हटले की उद्योग शेजारच्या राज्यात जाईल, असा इशारा येतो. शेजारचे राज्यही आपल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवते. ही घसरण थांबवायची तर सर्वांना सारखा लागू होणारा तळ हवा.

तसा तळ कागदावर 1996 पासून आहे. तेव्हा तो दिवसाला 35 रुपये होता, 2017 मध्ये 176. त्याला कायद्याचे बळ नव्हते. 2019 मध्ये सत्पथी समितीने देशभरासाठी सुचवलेले 375 समोर असताना सरकारने तो दोन रुपयांनी वाढवून 178 केला. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने त्याला प्रथमच कायद्याचे बळ दिले. केंद्र ठरवेल त्या तळाखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही, आणि ज्यांचा दर आधीच वर आहे त्यांना तो खाली आणता येणार नाही. भागागणिक वेगवेगळे तळ ठरवण्याची मुभाही केंद्राला आहे. तरतूद चांगली आहे. तिचा उपयोग सर्वस्वी आकड्यावर. तळ 178 च्या आसपास ठेवला तर तो कोणालाच लागणार नाही, आणि राज्यांची शर्यत पूर्वीसारखी चालू राहील.

म्हणून अधिसूचना येईल तेव्हा तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तळाचा आकडा आजच्या भावाच्या अन्नाच्या टोपलीतून काढला आहे, की जुन्या आकड्यावर टक्के चढवून. दुसरी, घरभाडे वेतनाच्या ठरावीक टक्क्यांत कोंबले आहे, की शहरानुसार वेगळे मोजले आहे. तिसरी, भाग पाडताना राज्यांच्या सीमा धरल्या आहेत, की कामगार जिथे राहतो, खरेदी करतो आणि कामाला जातो तो सलग प्रदेश. दिल्ली-नोएडा-फरिदाबाद हा एक बाजार आहे, सिंधुदुर्ग-पेडणे दुसरा, कागल-निपाणी तिसरा. आणि राज्याराज्यांतली भावपातळी मोजणारा निर्देशांक काढायला लेबर ब्युरोकडे 88 केंद्रांचे भाव दर महिन्याला येतातच. ते शेजारी ठेवून छापायला नवा कायदा लागत नाही. तो निर्देशांक निघाला की मजुरीतला किती फरक भावाचा आणि किती केवळ मजुराच्या अगतिकतेचा, हे प्रत्येक राज्याला उघडपणे सांगावे लागेल. राज्ये तो आकडा मागत नाहीत, यात नवल नाही. कामगार संघटनांनी मात्र पुढच्या वेतनवाढीच्या आधी तोच मागायला हवा.